परक्या पेठेतले घर

१५ सप्टेंबर १९७२ रोजी कंपालाच्या 'युगांडा आर्गस' या वृत्तपत्रात इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेची एक जाहिरात छापून आली. आमच्याकडे घरे, शाळा आणि दवाखाने यांवर आधीच ताण आहे, तेव्हा स्वतःच्या आणि कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका, असा तिचा आशय होता. हुकूमशहा इदी अमीनने ऑगस्टच्या सुरुवातीला युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले होते. दोन-तीन पिढ्या तिथे राहिलेले गुजराती, पंजाबी, गोवेकर व्यापारी आणि नोकरदार दुकानाला कुलूप घालून, घर जसेच्या तसे सोडून निघाले. सोबत जेमतेम पन्नासेक पौंड नेता येत होते. सुमारे २८,००० जण ब्रिटनमध्ये उतरले. त्यांना आधी जुन्या लष्करी तळांवरच्या छावण्यांत ठेवले गेले आणि लेस्टर टाळा असे वारंवार सांगितले गेले. तरीही हजारोंनी लेस्टरच गाठले, कारण केनिया-टांझानियातून आधी आलेली त्यांची माणसे तिथे होती, होजियरीच्या गिरण्यांत काम होते आणि बेलग्रेव्ह रोडवर पडेल भाड्याने मिळणारे गाळे होते.

आज त्याच बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, सोन्याची आणि मिठाईची दुकाने ओळीने उभी आहेत. लोक त्या रस्त्याला 'गोल्डन माइल' म्हणतात. दिवाळीत तिथे होणारी रोषणाई भारताबाहेरच्या सर्वांत मोठ्या दिवाळी उत्सवांपैकी एक मानली जाते आणि तिच्या आयोजनात नगरपालिकेचाच पुढाकार असतो.

असे यश पाहिले की आपण चटकन 'जिद्द' असे म्हणून मोकळे होतो. जिद्द खरीच असते, पण ती सगळ्यांपाशी असते. ज्यांचे दुकान बुडाले, जे दुसऱ्याच्या दुकानात आयुष्यभर राबले, त्यांच्यापाशीही ती होती. मग परक्या देशात एखाद्या समाजाचा धंदा नेमका कशाने उभा राहतो? आणि धंदा उभा राहिला म्हणजे घर मिळाले, असे धरून चालायचे का? गेल्या दीडशे वर्षांतली काही उदाहरणे या प्रश्नांसाठी जवळून पाहण्यासारखी आहेत. ती पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, स्थलांतरित माणूस कष्ट सोबत आणतो आणि पतही आपल्या माणसांतून उभी करतो. घर मात्र त्याला एकट्याने उभारता येत नाही. त्यात यजमान गावाचा हात लागतो.

रिकामे झालेले गाळे

नव्या माणसाला धंद्यात शिरायला जागा लागते आणि ती बहुधा जुन्या माणसाने सोडलेली असते. ब्रिटनमधल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांचेच पाहा. १९६४ मध्ये तिथे वस्तूंच्या ठरावीक किमती पाळण्याचे बंधन कायद्याने उठवले. त्यामुळे मोठी सुपरमार्केट भाव पाडू शकली आणि छोट्या दुकानदाराचा नफा आटला. इंग्रज दुकानदाराची मुलेही बापाच्या दुकानात बसायला तयार नव्हती. अशा वेळी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांनी ही दुकाने घेतली. त्यांनी तास वाढवले. गाव संध्याकाळी साडेपाचला दुकाने बंद करत असताना यांचे दुकान रात्री नऊपर्यंत, रविवारीसुद्धा उघडे असे. वर घर आणि खाली दुकान असल्यामुळे नवरा-बायको आणि मुले आळीपाळीने गल्ल्यावर बसत. मोठ्या दुकानाला जी मजुरी परवडली नसती ती घरातून बिनपगारी मिळत होती. या हिशेबावरच ते दुकान चालले.

हे धंदे गिरणी सोडून सुरू झालेले होते, हेही विसरता कामा नये. कंपालात पेढी चालवणारा माणूस लेस्टरमध्ये आधी यंत्रावर उभा राहिला. १९७४ मध्ये लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर्स या कारखान्यात आशियाई कामगारांनी बोनस आणि बढतीतल्या दुजाभावाविरुद्ध संप केला. गोऱ्या कामगारांच्या संघटनेने त्यांना साथ दिली नाही. पुढच्याच वर्षी तो कारखाना बंद पडला. नोकरीत वर जायची वाट बंद आणि नोकरीचीही शाश्वती नाही, अशा स्थितीत अनेकांनी स्वतःचे दुकान टाकले. स्वतंत्र धंद्यामागे पुष्कळदा हौसेपेक्षा हा नाइलाज मोठा असतो.

अमेरिकेतल्या गुजराती मोटेलांची कहाणीही कोणीतरी सोडलेल्या जागेपासूनच सुरू होते आणि तिचा आरंभ क्लेशकारक आहे. १९४२ मध्ये जपानशी युद्ध पेटल्यावर अमेरिकी सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात एका जपानी वंशाच्या मालकिणीला असेच हॉटेल सोडून जावे लागले आणि ते कानजी मांछू देसाई यांनी दोन साथीदारांसह चालवायला घेतले. देसाई दक्षिण गुजरातचे. त्रिनिदादमार्गे ते अमेरिकेत पोचले होते. युद्धानंतर त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'गोल्डफील्ड' हे हॉटेल घेतले. सुरत-नवसारीकडून नवा आलेला कोणीही आधी तिथे टेके. त्याला देसाई एकच सल्ला देत: पटेल असशील तर हॉटेल भाड्याने घे. एका समाजाचे घर मोडले त्याच दाराने दुसरा समाज आत आला, ही या कहाणीतली बोचरी गोष्ट आहे. ती विसरून केवळ यशाचे गोडवे गायले तर हिशेब अपुरा राहतो.

त्या काळी भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्वही मिळत नव्हते. १९२३ मध्ये भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना त्यासाठी अपात्र ठरवले होते. १९४६ च्या कायद्याने ते दार किलकिले झाले, पण वर्षाला अवघ्या १०० जणांसाठी. खरे दार १९६५ च्या स्थलांतर कायद्याने उघडले. मग १९७३ मध्ये तेलाचे संकट आले, महामार्गावरची वाहतूक रोडावली आणि आडरस्त्यावरची मोटेले मातीमोल भावाने विक्रीला निघाली. नेमक्या त्याच सुमारास युगांडातून आणि गुजरातमधून आलेली कुटुंबे घर आणि रोजगार यांच्या शोधात होती. मोटेल घेतले की दोन्ही एकदम मिळत. स्वागतकक्षामागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटायचे, भाडे वाचवायचे आणि चादरी बदलण्यापासून नळ दुरुस्तीपर्यंत सगळे घरच्या माणसांनी करायचे. आज अमेरिकेतल्या हॉटेल-मोटेलांपैकी निम्म्याहून अधिक भारतीय वंशाच्या मालकांकडे आहेत.

बँकेबाहेरची पत

जागा मिळाली तरी पैसा कुठून आणायचा? नव्या देशात कर्जफेडीचा इतिहास नसतो, तारण नसते, जामीनदार नसतो. बँकेच्या लेखी हा माणूस कालच जन्मलेला असतो. त्याच्या आजोबांना ओळखणारे लोक मात्र त्याच शहरात असतात आणि त्यांच्या लेखी त्याची पत पक्की असते. मोटेलवाल्या गुजरात्यांत ही उसनवारी बहुधा नुसत्या शब्दावर चाले. मामा पाच हजार देई, गावचा शेजारी दोन हजार, मावसभाऊ आणखी काही. कागद नाही, व्याज नाही. अट एकच, की तुझे बस्तान बसले की तू पुढच्याला उभे करायचेस.

आपल्याकडच्या बायकांची भिशी ज्याला ठाऊक आहे, त्याला कोरियन लोकांची 'के', व्हिएतनामींची 'हुई' किंवा कंबोडियन कुटुंबांची 'टोंटिन' समजावून सांगायला नको. दहा-वीस घरांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची आणि पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. लॉस एंजेलिसमधल्या कित्येक दुकानांचे पहिले भांडवल असे जमले. ही पत माणसाला भक्कम आधार देते आणि बांधूनही ठेवते. पैसे बुडवले तर नुसते कर्ज थकत नाही, मुलीच्या लग्नापर्यंत त्याचे पडसाद उमटतात. ज्याचे कोणी नाही, ज्याच्या गावचे दुसरे कोणी त्या शहरात पोचलेच नाही, त्याला हा आधार मिळत नाही. अमुक समाज धंद्यात हुशार आणि तमुक नाही, असे आपण सहज बोलतो. त्या बोलण्यामागे पुष्कळदा एवढाच फरक असतो की एकाच्या आधी त्याचे चुलते येऊन बसले होते आणि दुसऱ्याच्या आधी कोणीच आले नव्हते.

गुलाबी खोका

कॅलिफोर्नियातली डोनटची दुकाने हा या आढाव्यातला सर्वांत नाट्यमय भाग आहे. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घेतली. पुढच्या पावणेचार वर्षांत उपासमार, सक्तमजुरी आणि कत्तली यांत सुमारे १७ लाख माणसे मेली. त्याआधी निसटलेल्यांत बुन टेक न्गॉय हा तरुण होता. अमेरिकेत त्याने टेड हे नाव घेतले. कुटुंबासह तो कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर उतरला. एका चर्चने जबाबदारी घेतल्यामुळे त्याला छावणीबाहेर पडता आले. दिवसा साफसफाई आणि रात्री पेट्रोल पंप अशी कामे तो करत होता. पंपाजवळ डोनटचे दुकान होते. त्या तळणीच्या वासाने त्याला मायदेशातल्या एका गोड पदार्थाची आठवण झाली. 'विंचेल्स' या डोनटच्या साखळीने त्याला प्रशिक्षण दिले आणि १९७७ मध्ये त्याने ला हाब्रा गावातले 'क्रिस्टीज' हे दुकान विकत घेतले.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. न्गॉयने दुकानामागून दुकाने घेतली आणि ती नव्या आलेल्या कंबोडियन कुटुंबांना चालवायला दिली. निर्वासित छावण्यांतल्या शंभराहून अधिक कुटुंबांसाठी तो अमेरिकेत जामीन राहिला. त्याने त्यांना काम शिकवले. या धंद्यात इंग्रजी थोडे लागे आणि यंत्रे दुकानासोबत मिळत. लागायची ती झोपेची आहुती. रात्री दोनला पीठ मळायचे, चारला तळण सुरू, पाचला दार उघडे. नवरा मागे कढईपाशी, बायको पुढे गल्ल्यावर, मुले साखरेच्या पोत्यांजवळ गृहपाठ करत बसलेली. १९८० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली बहुतेक स्वतंत्र डोनट दुकाने कंबोडियन कुटुंबांच्या हाती आली आणि डंकिनसारख्या बलाढ्य साखळीलाही त्या राज्यातून माघार घ्यावी लागली. पांढऱ्या खोक्यापेक्षा गुलाबी खोका थोडा स्वस्त पडतो म्हणून या दुकानांनी तो वापरायला घेतला. आज हॉलिवूडच्या चित्रपटात गुलाबी खोका दिसला की प्रेक्षक न सांगता ओळखतो की आत डोनट आहेत. काटकसरीतून आलेली ही वस्तू त्या प्रांताची खूण बनली.

न्गॉयचे स्वतःचे काय झाले? जुगाराच्या व्यसनात त्याने सगळे घालवले. दुकाने गेली, संसार मोडला. २०२० मध्ये ॲलिस गू यांनी काढलेल्या 'द डोनट किंग' या माहितीपटात हे चढ-उतार पुरे आले आहेत. ज्यांना त्याने उभे केले ती कुटुंबे मात्र टिकली. एका माणसाच्या कर्तृत्वापेक्षा त्याने घातलेला पायंडा टिकाऊ ठरला.

याच डोनटवाल्यांपैकी एकाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सील बीच गावात एका वयस्कर कंबोडियन दुकानदाराची बायको आजारी पडली. दोघे मिळून अनेक वर्षे दुकान चालवत होते. गल्ल्यावर ती दिसेना, म्हणून गिऱ्हाइकांनी चौकशी केली. देणगी गोळा करून देऊ का, असे विचारल्यावर तो नको म्हणाला. त्याला फक्त बायकोजवळ बसायला वेळ हवा होता. मग गावकऱ्यांनी एकमेकांना निरोप दिले आणि पहाटेच डझनाच्या हिशेबाने डोनट घ्यायला सुरुवात केली. माल सकाळीच संपू लागला आणि तो दुपारच्या आत बायकोकडे जाऊ लागला. नागरिकत्वाचा कागद त्याला कित्येक वर्षांपूर्वीच मिळाला असेल. पण ते गाव त्याचे आहे हे ज्या दिवसांत सिद्ध झाले, ते हे दिवस.

नखांची कला आणि फुफ्फुसांची किंमत

त्याच १९७५ मध्ये ३० एप्रिलला सायगाव पडले आणि वर्षभरात सुमारे १,३०,००० निर्वासित अमेरिकेत आले. त्यात बहुसंख्य व्हिएतनामी होते. सॅक्रामेंटोजवळच्या 'होप व्हिलेज' या छावणीत हिचकॉकच्या 'द बर्ड्स' चित्रपटातली नायिका टिपी हेड्रन मदतकार्यासाठी जात असे. शिवण आणि टंकलेखन शिकवायची तिची योजना होती. छावणीतल्या बायकांचे लक्ष मात्र तिच्या नखांकडे जाई. हे पाहून तिने आपली नखे रंगवणारी कारागीर तिथे नेली आणि जवळच्या सौंदर्यप्रसाधन शाळेला २० बायकांचा वर्ग घ्यायला लावले. त्या परवाना घेऊन बाहेर पडल्या, मग त्यांच्या बहिणी-मैत्रिणी आल्या. परवान्यासाठी लागणारे शिक्षण काहीशे तासांचे होते, ते केशकर्तनापेक्षा बरेच कमी. भाषा मोडकीतोडकी असली तरी चाले. पुढे कॅलिफोर्नियाने ही परीक्षा व्हिएतनामी भाषेतही घ्यायला सुरुवात केली.

नखे रंगवून घेणे ही तोवर श्रीमंत बायकांची चैन होती. व्हिएतनामी सलूनांनी दर निम्म्याहून खाली आणले आणि कचेरीतली कारकून, शाळेतली शिक्षिका, दुकानातली विक्रेतीही तिथे येऊ लागली. आज अमेरिकेतल्या नखकारागिरांपैकी जवळजवळ निम्मे व्हिएतनामी वंशाचे आहेत.

या यशाची किंमत हातांनी आणि श्वासांनी मोजली आहे. टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्यूटिल थॅलेट ही तीन रसायने नखांच्या रंगांत सर्रास असत. बंदिस्त दुकानात दिवसाचे दहा तास त्या वाफा घेत बसणाऱ्या बायकांना दमा, त्वचेचे विकार, डोकेदुखी यांनी ग्रासले. २००५ पासून कॅलिफोर्नियात कामगार बायका, मालक आणि आरोग्य कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन हवेशीर दुकाने आणि निर्धोक रंग यांसाठी काम सुरू केले. २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सलूनांत कारागिरांना अत्यल्प मजुरी मिळते हे वृत्तपत्रांतून उघड झाले. तिथले अनेक मालकही स्थलांतरितच होते. आपल्याच माणसाने आपल्याला राबवून घेणे हा या धंद्यांचा काळा भाग आहे. घरच्यांचे बिनपगारी कष्ट आणि नातलगाकडून करून घेतलेली वेठ यांच्यामधली रेघ फार पुसट असते. आढावा घेणाऱ्याने ती नजरेआड करू नये.

दुकान आहे, शेजार नाही

दुकान चालले म्हणजे गाव आपले झाले, या समजाला सर्वांत मोठा तडाखा १९९२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बसला. १९६५ नंतर आलेले बरेच कोरियन पदवीधर होते, पण त्यांच्या पदव्यांना अमेरिकेत किंमत नव्हती. १९६५ च्याच वॉट्स दंगलीनंतर दक्षिण लॉस एंजेलिसमधले ज्यू दुकानदार निघून जाऊ लागले, मोठी सुपरमार्केटही गेली. ती दुकाने कोरियन कुटुंबांनी घेतली. वस्ती कृष्णवर्णीयांची, गरीब, बँकांनी वाळीत टाकलेली. दुकानदार तिथे कमवत आणि राहायला दुसरीकडे जात. दोन्ही बाजूंना एकमेकांची भाषा कळत नव्हती आणि संशय मात्र रोज वाढत होता.

मार्च १९९१ मध्ये लताशा हार्लिन्स ही १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला अशाच एका दुकानात गेली. चोरीच्या संशयावरून झटापट झाली आणि दुकानदारणीने पाठमोऱ्या मुलीच्या डोक्यात गोळी घातली. मुलीच्या हातात पैसे होते. न्यायालयाने दुकानदारणीला दोषी ठरवले, पण तुरुंगात धाडले नाही. पुढच्या वर्षी, २९ एप्रिल १९९२ रोजी, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि शहर पेटले. साठच्या आसपास माणसे मेली. कोरियन मालकीची २,००० हून अधिक दुकाने जळाली किंवा लुटली गेली. पोलीस त्या भागातून मागे सरले होते, तेव्हा दुकानदार बंदुका घेऊन छतांवर चढले. वर्षानुवर्षे कर भरूनही संकटात आपल्यामागे कोणी नाही, हे त्या दिवशी त्यांना कळले. आपल्या मुलीच्या जिवाला मोल नाही, हे कृष्णवर्णीय वस्तीला आधीच कळून चुकले होते. सरकारने आणि बँकांनी दुर्लक्षित केलेल्या एका वस्तीत दोन गांजलेले समाज समोरासमोर उभे राहिले होते.

दंगल सुरू झाल्यावर तीनच दिवसांनी हजारो कोरियन अमेरिकन शांततेसाठी रस्त्यावर उतरले. चर्चांनी मध्यस्थी सुरू केली आणि पुढच्या पिढीने राजकारणात पाऊल टाकले. दुसरा मार्ग असू शकतो हे त्याच शहरात आधी दिसलेही होते. 'मॅनट्रॅप' नावाचे नखांचे सलून १९८० च्या दशकात एक व्हिएतनामी आणि एक कृष्णवर्णीय अशा दोन स्त्रियांनी भागीदारीत उघडले होते. तिथे गिऱ्हाईक, कारागीर आणि मालकीण अशा तिन्ही नात्यांत दोन्ही समाज होते. ज्या वस्तीतून पैसा मिळतो त्या वस्तीला धंद्यात वाटा देणे, तिथल्या माणसाला कामावर ठेवणे, त्याच्या सुखदुःखात जाणे, हा उपचार नसून नव्या दुकानदारासाठी ते धंद्याच्या भांडवलाइतकेच आवश्यक आहे.

यजमानाचीही परीक्षा असते. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात अनेक मोटेलांबाहेर 'अमेरिकन मालकीचे' अशा पाट्या लागल्या. त्याचा रोख भारतीयांवर होता. विमा कंपन्या भारतीय मालकांना विमा नाकारत, बँका कर्ज नाकारत. टेनेसीमधल्या मालकांनी त्यासाठी संघटना उभी केली आणि १९८९ मध्ये अटलांटात भारतीय हॉटेलमालकांची देशव्यापी संघटना 'आहोआ' स्थापन झाली. एकट्या माणसाला जे मिळत नव्हते ते संघटित होऊन, कायद्याच्या आधाराने त्यांनी मिळवले. मीरा नायर यांचा 'मिसिसिपी मसाला' हा १९९१ चा चित्रपट याच काळातल्या युगांडाहून आलेल्या मोटेलवाल्या कुटुंबावर आहे. त्यात गोऱ्यांचा दुजाभाव आहे, तसा भारतीयांच्या मनातला कृष्णवर्णीयांविषयीचा दुजाभावही आहे. ही दुसरी गोष्ट आपण मराठी वाचकांनी स्वतःशी ताडून पाहावी.

इराण्याचे टेबल

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपण या गोष्टीतले यजमान पूर्वीच होऊन गेलो आहोत. यझ्द आणि केरमान या भागांतले झरथुष्ट्री शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईला येऊ लागले. इराणात त्यांच्यावर जिझिया होता आणि १८७१-७२ च्या दुष्काळाने तर त्यांचे कंबरडेच मोडले. मुंबईच्या पारशांनी पाठवलेले मानेकजी लिमजी हतारिया तिथे कित्येक वर्षे झटले, तेव्हा १८८२ मध्ये तो जिझिया रद्द झाला. नवे आलेले इराणी आधी पारशी घरांत चाकरी करत, मग चार पैसे साठवून भागीदारीत हॉटेल काढत. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा गाळा अशुभ म्हणून हिंदू व्यापारी टाळत, असे सांगितले जाते. इराण्याने तोच घेतला आणि दोन्ही रस्त्यांवरची गिऱ्हाइके मिळवली. कयानी १९०४ चे, मेरवान १९१४ चे, ब्रिटानिया १९२३ चे. पुण्यात १९३५ मध्ये गुडलक उघडले.

इराण्याने मुंबईला बनमस्का, ब्रून आणि मावा केक दिला हे सगळे सांगतात. त्याहून मोठी गोष्ट त्याच्या संगमरवरी टेबलावर घडली. खानावळी आणि हॉटेले जातीनुसार वेगळी असण्याच्या काळात इराण्याकडे गिरणी कामगार, वकील, कवी आणि हमाल एकाच टेबलाशी चहा पीत. परक्याने टाकलेल्या दुकानाने आपल्याच माणसांना एकमेकांशेजारी बसायला जागा दिली. मराठी साहित्यातल्या आणि चळवळींतल्या किती चर्चा तिथे झाल्या याला गणती नाही. आज यांतली मोजकीच हॉटेले उरली आहेत. मुले डॉक्टर, वकील झाली, परदेशी गेली, जागांचे भाव चढले. आपण हळहळतो, पण पहाटे चारला उठून भट्टी पेटवणाऱ्या बापाने मुलांना शिकवले ते नेमके यासाठीच.

कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर आणून ठेवलेल्या सिंधी निर्वासितांचेही यजमान आपणच होतो. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. ज्यांची सिंधमध्ये घरेदारे होती त्यांनी लोकलच्या डब्यात पापड, लोणची, खेळणी विकली, भीक मागितली नाही. त्यांच्या मालाला नावे ठेवणारे आपल्यात होते, तसे त्यांना गाळा देणारे, उधारी देणारे आणि शाळेत शेजारच्या बाकावर बसवणारेही आपल्यातलेच होते.

आता आपली मुले दुसऱ्या बाजूला आहेत. लंडनच्या हौन्सलो भागात २०१० मध्ये दोन मुंबईकर मित्रांनी मंदीत नोकरी गेल्यावर एका आइस्क्रीमच्या दुकानातला कोपरा भाड्याने घेऊन वडापाव विकायला सुरुवात केली आणि तो धंदा वाढवत नेला. तो कोपरा देणारा कोणीतरी होता, म्हणून ते शक्य झाले. अशी नावे दुबईपासून मेलबर्नपर्यंत आता सर्वत्र आहेत. नोकरीसाठी परदेशी जाणे हीच ज्यांची एकेकाळी ओळख होती, त्या मराठी माणसांत परक्या पेठेत दुकान टाकण्याची हिंमत रुजू लागली आहे, ही मला आनंदाची गोष्ट वाटते.

हिशेबाचा शेवट

एवढा सगळा धांडोळा घेतल्यावर काय हाती लागते? पहिली गोष्ट, स्थलांतरितांचा धंदा आभाळातून पडत नाही. कोणीतरी सोडलेला गाळा, आपल्या माणसांनी दिलेली उसनवारी आणि घरच्यांचे बिनपगारी कष्ट या तिन्हींवर तो उभा राहतो. दुसरी गोष्ट, कायदा दार उघडतो आणि बंदही करतो. १९२३ चा निकाल आणि १९६५ चा कायदा यांच्यामधल्या काळातले भारतीय कमी कष्टाळू नव्हते, त्यांना दार जवळजवळ बंद होते. तिसरी गोष्ट, दुकानदाराच्या संपत्तीवरून त्याला घर मिळाले की नाही हे कळत नाही. ते संकटाच्या दिवशी कळते. १९९२ चे लॉस एंजेलिस आणि २०१८ चे सील बीच ही त्याची दोन टोके आहेत. आणि मिळालेले घरही राखावे लागते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या रस्त्यांवर हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले. पन्नास वर्षे शेजारी राहून कमावलेला विश्वास काही आठवड्यांत पणाला लागला.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या नाक्यावर नवे दुकान, नवी गाडी, नवी खानावळ कोणी टाकली असेल. दूरच्या जिल्ह्यातला, दुसऱ्या राज्यातला, कदाचित दुसऱ्या देशातला माणूस असेल. त्याचा पत्ता आणि जात विचारण्याआधी त्याचा माल घेऊन पाहा. सोसायटीच्या सभेत त्याला गाळा नाकारला जात असेल तर तिथे बोला. हप्ता मागणारे त्याच्याकडे गेले तर त्याच्या बाजूने उभे राहा. आणि परदेशी गेलेल्या आपल्या मुलांनाही सांगा, की ज्या गावात कमवता त्या गावच्या माणसांना कामावर ठेवा, त्यांच्या घरी जा, त्यांना आपल्या घरी बोलवा. आपल्या मुलाला परक्या गावात जसा शेजार मिळावा असे वाटते, तसा शेजार आपल्या गावात आलेल्या परक्याच्या मुलाला देणे एवढे आपल्या हातात आहे आणि ते आपण केलेच पाहिजे.